आधी टेकडी, मग किल्ला

मागच्या अंकात मी एडिंबराच्या टेकड्यांवर लिहिलं आणि त्यात एक आग्रह धरला होता: स्कॉटलंडच्या या राजधानीत पोहोचलात की पहिल्याच दिवशी किल्ल्याच्या रांगेत उभं राहू नका, आधी एखादी टेकडी गाठा. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. मी पुण्यात अठरा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि गेली सतरा वर्षं एडिंबरात, मेडोज मैदानाजवळच्या एका जुन्या दगडी इमारतीत राहते. त्यामुळे प्रश्न वाटेचा असला तरी उत्तरात झाडं येणारच.

लेक तिथे शिकते आहे. जूनमध्ये आम्ही दोघं चार दिवसांसाठी येतोय. माझ्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ह्यांना चढावर दम लागतो. तुम्ही म्हणता टेकडी चढा. आम्ही काय करायचं?
— एक वाचक भगिनी, नाशिक

ताई, तुमच्यासाठी कॅल्टन हिल. उंची १०३ मीटर, पण शहराचा रस्ताच इतका वर आलेला आहे की प्रत्यक्ष चढण थोडीशीच उरते. वॉटर्लू प्लेसकडून पायऱ्या आहेत. त्या नकोत तर रीजंट रोडकडून गाड्यांसाठी केलेला चढाचा रस्ता आहे, त्यानं जा. वाटेत दोनदा थांबलात तरी पंधरा-वीस मिनिटांत वर पोहोचाल. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे संध्याकाळचं जेवण आटपून, आठ-साडेआठला निघून, भरपूर उजेडात वर बसता येतं. शाल मात्र हवीच, वर वारा असतो.

वर गेल्यावर घाई करू नका. पश्चिमेकडे तोंड करा. सरळ रेघेसारखी जाते ती प्रिन्सेस स्ट्रीट. तिच्या डावीकडे काळ्या खडकावर किल्ला. किल्ल्यापासून पूर्वेकडे उतरत येणारी घरांची दाट ओळ हे जुनं गाव, आणि ती ओळ जिथे संपते तिथे होलीरूडचा राजवाडा. त्याच्या मागे सॅलिसबरी क्रॅग्ज हे उभे कडे आणि आर्थर्स सीट. मागे वळलात की लीथ बंदर, फोर्थची रुंद खाडी आणि पलीकडे फाइफचा किनारा. एवढं एकदा नजरेत बसलं की पुढचे तीन दिवस नकाशा उघडावा लागत नाही. किल्ला शेवटी ठेवा म्हणते ते याचसाठी. किल्ल्यात उभं राहून किल्ला दिसत नाही.

वर बारा खांबांचं एक अर्धवट देवालय दिसेल. नेपोलियनच्या युद्धांत पडलेल्यांचं स्मारक म्हणून अथेन्सच्या पार्थेनॉनच्या धर्तीवर १८२६ मध्ये ते बांधायला घेतलं आणि १८२९ मध्ये पैसे संपले. ते तसंच राहिलं हे मला फार आवडतं, खांबांमधून आकाश दिसतं. जवळच नेल्सनचा मनोरा आहे. त्याच्या माथ्यावरचा मोठा गोळा दुपारी एक वाजता खाली पडतो. खाडीतली जहाजं त्यावर घड्याळं लावत. धुक्यात गोळा दिसत नसे म्हणून १८६१ पासून त्याच वेळी किल्ल्यावरून तोफ उडवू लागले. रविवार सोडून ती आजही उडते. दुपारी एकला प्रिन्सेस स्ट्रीटवर असाल तर आधीच सांगून ठेवते, दचकू नका.

ही टेकडी शहरानं १७२४ मध्ये विकत घेतली, सगळ्यांना फिरता यावं म्हणून खुली ठेवली. ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या सार्वजनिक उद्यानांपैकी ही एक. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी लोकांना चालायला इथे वाट करावी असा आग्रह धरला होता आणि ती वाट आजही त्यांच्याच नावानं आहे. त्यांची समाधी पायथ्याच्या जुन्या दफनभूमीत आहे.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत बसा. ही बाग जिथे आहे तिथे चारशे वर्षांपूर्वी तळं होतं, नॉर लॉक. १४६० च्या सुमारास किल्ल्याच्या रक्षणासाठी पाणी अडवून ते केलं होतं. पुढे वरच्या गावाची सगळी घाण त्यात उतरू लागली. १७५९ पासून ते उपसत आणलं. बागेच्या मधोमध जो उंच रस्ता दिसतो, द माउंड, तो अठराव्या शतकात वसवलेल्या नव्या गावाचे पाये खणताना निघालेल्या मातीचा आहे. सुमारे पंधरा लाख गाडे माती! तिथे बाकावर बसून वर किल्ल्याकडे पाहा आणि आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत हे लक्षात ठेवा.

यजमानांसाठी आणखी एक जागा. आर्थर्स सीटच्या पलीकडच्या अंगाला डडिंगस्टन गाव आहे. तिथल्या जुन्या चर्चच्या मागे, तळ्याच्या काठाला, डॉ. नील यांची बाग आहे. अँड्र्यू आणि नॅन्सी नील हे गावातलं डॉक्टर जोडपं. चर्चच्या मालकीच्या दगडगोट्यांच्या उतारावर त्यांनी १९६३ च्या सुमारास बाग करायला घेतली आणि हयातभर केली. बागेत थोडा चढउतार आहे, पण जागोजागी बाक आहेत. हंस असतात, तळ्याच्या कडेला बोरूचं दाट बेट आहे. शहरात इतकी शांत जागा मला दुसरी माहीत नाही. माझी आई ऐंशीची असताना आली होती, तेव्हा चार दिवसांतले दोन दिवस ती तिथेच जाऊया म्हणाली.

जानेवारीत कामानिमित्त एडिंबरात आहे. आर्थर्स सीटवरून सूर्योदय पाहायचा आहे. सह्याद्रीत नियमित भटकतो, तेव्हा चढायची काळजी नाही. कुठून चढू? आणि तिथला खडक आपल्या बसाल्टसारखाच आहे का?
— एक भटक्या, ठाणे

काळजी कर. आर्थर्स सीट फक्त २५१ मीटर आहे, सह्याद्रीत फिरणाऱ्याला ती टेकाडच वाटेल, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. माथ्याचा खडक लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालेला आहे. जानेवारीत त्यावर बर्फाचा पातळ थर असतो, तो दिसत नाही. माझ्या पहिल्या डिसेंबरमध्ये मी दुपारी तीनला एकटी निघाले. पुण्याच्या हिशोबानं तीन म्हणजे भर दुपार. इथे पावणेचारला सूर्य बुडतो. उतरताना अंधार झाला, ओल्या गवतावरून घसरले आणि मनगट मोडलं. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंनी मला हाताला धरून खाली आणलं. त्या दिवसापासून थंडीत विजेरीशिवाय मी त्या बाजूला पाऊल टाकत नाही.

सूर्योदयाची गोष्ट मात्र जमण्यासारखी आहे, कारण जानेवारीत सूर्य आठनंतरच उगवतो. सातला उठून आरामात जाता येतं. डन्सापी तळ्याच्या बाजूनं चढ. तिथे पोहोचेपर्यंत जवळजवळ निम्मी उंची रस्त्यानंच पार झालेली असते आणि पुढचा गवताळ चढ सोपा आहे. बर्फ असेल तर माथ्याचा हट्ट सोड आणि तळ्याच्या काठावरूनच पाहा. पूर्व तिथून मोकळी आहे.

आता खडक. हो, भाऊबंद आहेत, पण वयात फार अंतर आहे. आपला दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आर्थर्स सीटचा ज्वालामुखी सुमारे चौतीस कोटी वर्षांपूर्वीचा. दक्षिण अंगाला रस्त्यालगत सॅमसन्स रिब्ज नावाचे बसाल्टचे उभे, बहुकोनी खांब आहेत. ते पाहिल्यावर मला पहिल्यांदा अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवली. तीच भूमिती. लाव्हा निवताना आकसतो, तडकतो, आणि तडे असे खांब पाडत जातात. इथे त्या खांबांभोवती साडेसहाशे एकरांचं मोकळं रान आहे. अंधेरीला इमारती अगदी पायथ्याला भिडल्यात. दर वेळी इथून जाताना हे मनात येतं आणि वाईट वाटतं.

हे रानही आपोआप राहिलेलं नाही, हे तू भटक्या म्हणून जाणून घे. सॅलिसबरी क्रॅग्जचा दगड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फरसबंदीसाठी सर्रास खणून नेत होते. लोकांनी आरडाओरडा केला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि १८३१ मध्ये खाणकाम थांबलं. त्याआधी याच कड्यात भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांनी पाहिलं, की वितळलेला खडक खालून येऊन जुन्या थरांत घुसला आहे आणि त्यानं थर उचकटले आहेत. खडक आगीतून येतात आणि पृथ्वी अतिप्राचीन आहे, या त्यांच्या मांडणीला त्यानं बळ मिळालं. ती जागा आजही हटन्स सेक्शन म्हणून ओळखतात. कड्याच्या पायथ्यानं जाणारा रॅडिकल रोड दगड कोसळल्यामुळे २०१८ मध्ये बंद करावा लागला. तिथले फलक वाच आणि अडसर असेल तर ओलांडू नकोस. कोसळणारा दगड आपण किती गड चढलो हे विचारत नाही.

आमच्या दापोडीच्या बागेतली जुनी चित्रं एडिंबरात आहेत असं ऐकलं. खरं आहे का? सर्वसामान्य माणसाला पाहायला मिळतात का?
— एक निवृत्त शिक्षक, पिंपरी

सर, खरं आहे. हे पत्र वाचून मी त्या दिवशी पुन्हा बागेत गेले.

मुळेच्या काठच्या दापोडीला गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, सरकारी वनस्पती उद्यान उभं राहिलं. १८३८ पासून त्याची देखरेख अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली. ते एडिंबरात शिकलेले. औषधी झाडं वाढवणं, नवी पिकं रुजतात का ते पाहणं, बी-रोपं वाटणं अशी त्यांची कामं. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरावरची झाडं गेली की कोकणातल्या खाड्या गाळानं भरतात, हे त्यांनी १८४० च्या दशकातच सरकारला लिहून कळवलं होतं. आज आपल्याला ते सांगावं लागत नाही, डोळ्यांनी दिसतं.

बागेतल्या झाडांची चित्रं गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून काढून घेतली, साधारण १८४७ ते १८५० या काळात. चित्रं दीडशेहून जास्त आहेत. चित्रकार भारतात वाढलेला, पोर्तुगीज वंशाचा होता एवढीच नोंद. नाव कुठेही नाही. ही चित्रं आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. भिंतीवर टांगलेली नसतात, कारण उजेडानं रंग उडतात. आधी लिहून, कारण सांगून, वेळ ठरवून ती पाहता येतात. मी एकदा अशी पाहिली आहेत. हात स्वच्छ धुऊन, मोठ्या टेबलापाशी, एक एक कागद. पानाच्या मागच्या बाजूची शीर देखील त्यानं वेगळ्या हिरव्यानं काढली आहे. दापोडीच्या उन्हात, गळून जाण्याआधी फूल कागदावर उतरवायचं म्हणजे किती भराभर हात चालवावा लागला असेल! मी वीस-बावीस कागद पाहून थांबले. पुढे पाहवेना, डोळे भरून आले होते. ज्यानं हे केलं त्याचं नाव आपल्याला घेता येत नाही, याचं दुःख मला अजून आहे.

आणखी एक धागा तुमच्या उपयोगाचा. निकोल डाल्झेल हे जन्मानंच एडिंबराचे. गिब्सन यांच्यासोबत त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची सूची केली, ती १८६१ मध्ये छापली गेली. शिवनेरीची शिंदळ माकुडी तुम्हाला ठाऊक असेल, कड्याला चिकटून वाढणारी, तांबूस फुलांची. तिला फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव दिलं ते याच डाल्झेल यांनी. शिवनेरीच्या कड्यावरच्या फुलाचं बारसं करणारा माणूस या गल्ल्यांतून वाढला होता.

चित्रं पाहायला जमलं नाही तरी बाग चुकवू नका. सत्तरेक एकरांची आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आणि फिरत्या पायांची ही बाग आहे! १६७० मध्ये ती होलीरूडजवळ औषधी वनस्पतींचा एक लहानसा वाफा म्हणून सुरू झाली. १६७५ मध्ये तिची दुसरी जागा घेतली, ती आज वेव्हर्ली रेल्वे स्थानक आहे तिथे. १७६३ मध्ये ती लीथ वॉकला गेली आणि १८२० नंतर सध्याच्या इन्व्हरलीथला. तेव्हाचे मुख्य माळी विल्यम मॅकनॅब यांनी वाढलेली झाडं मुळांसकट उचलून नेण्यासाठी खास गाडा बनवला होता. म्हणजे रेल्वेनं वेव्हर्लीला उतरलात की तुम्ही जुन्या बागेतच उतरता.

जायचं तर मेमध्ये जा. ऱ्होडोडेंड्रॉन तेव्हा भरात असतात. चीनच्या युन्नान प्रांतातून आणि हिमालयातून आणलेली, झाडांएवढी वाढलेली. काचघरांचं मोठं काम गेली काही वर्षं सुरू आहे, तेव्हा निघण्याआधी काय उघडं आहे ते विचारून घ्या. शेवटी इन्व्हरलीथ हाउसच्या पुढच्या हिरवळीवर या. तिथून दक्षिणेला किल्ला, मनोरे, आर्थर्स सीट सगळं एका ओळीत दिसतं, मधे झाडांचे शेंडे. शहराचं हे माझं सगळ्यात आवडतं दर्शन आहे, आणि तिथे पोहोचायला चढ नाही म्हटला तरी चालेल.

क्वीन स्ट्रीटवर सुंदर बाग दिसली, पण सगळ्या फाटकांना कुलूप. आत माणसं होती. आम्ही दोन फेऱ्या मारून परतलो. अशी कशी बाग?
— एक वाचक, कोल्हापूर

ती खासगी आहे. अठराव्या शतकात नवं गाव आखलं तेव्हा घरांच्या रांगांसमोर बागा ठेवल्या आणि किल्ल्या घरमालकांना दिल्या. आजही आजूबाजूचे रहिवासी वर्गणी भरतात, त्यांच्याकडेच किल्ली असते. मला हे पटत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेचा पश्चिम भागही असाच बंद होता. १८७६ मध्ये तो सगळ्यांसाठी उघडला, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. काही खासगी बागा वर्षातून एखाद्या दिवशी दानासाठी तिकीट लावून उघडतात, तेवढाच मार्ग.

याच्या बरोबर उलट काम केलेला माणूस तुम्हाला ठाऊक असायला हवा, पॅट्रिक गेडिस. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर ते पत्नी ॲना यांच्यासह जुन्या गावातल्या पडक्या, गर्दीच्या चाळवजा इमारतीत राहायला गेले आणि आसपासच्या बोळांतल्या उकिरड्याच्या जागी बागा करायला लागले. पुढे त्यांची मुलगी नोरा हिनं अशा कित्येक लहान जागांचे आराखडे केले, शेजारपाजारची मुलं तिथे वाफे करत. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच शिफारशीनं पुढच्या शिक्षणाला विलायतेला गेले आणि परतून त्याच विभागाचे प्रमुख झाले.

तेव्हा पुढच्या वेळी क्वीन स्ट्रीट सोडा आणि कॅननगेटवर डनबार्स क्लोज शोधा. बोळाचं तोंड इतकं अरुंद आहे की दोनदा पुढे निघून जाल. आत सतराव्या शतकाच्या धर्तीची बाग आहे, कापून आकार दिलेली बुटकी कुंपणं, चौकोनी वाफे, दगडी वाटा. फाटक दिवसभर उघडं असतं, कुणी काही विचारत नाही.

एप्रिलमध्ये दोन दिवस होतो. दोन्ही दिवस धुक्यानं काही म्हणजे काही दिसलं नाही. पैसे वाया गेले असं वाटलं.
— एक दांपत्य, सोलापूर

त्याला इथे ‘हार’ म्हणतात, आपल्या गळ्यातल्या हारासारखाच उच्चार. उत्तर समुद्राच्या गार पाण्यावरून उबदार हवा आली की हे धुकं तयार होतं आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर खाडीतून शहरात शिरतं. वसंत आणि उन्हाळ्यात जास्त. अशा दिवशी उंचावर जाऊन काही हाती लागत नाही. खाली उतरा. वॉटर ऑफ लीथ या लहान नदीच्या काठानं डीन व्हिलेजपासून स्टॉकब्रिजपर्यंत चाला. डोक्यावर टेलफर्ड या अभियंत्याचा १८३१ चा उंच पूल अर्धा धुक्यात गेलेला असतो, पाणी जवळून वाजतं, आणि एप्रिलमध्ये काठाला रानलसूण फुललेला असतो, त्याचा वास सगळ्या घळीत भरून राहतो. पुन्हा आलात तर मला आधी कळवा, मी बरोबर येईन.

गेल्या मे महिन्यात ब्लॅकफर्ड हिलवर चालताना ताज्या खोबऱ्याचा वास आला. दोघांनाही आला. आसपास माणूस नाही, दुकान नाही. काय असावं?
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

गॉर्स! मला हाच प्रश्न कुणीतरी विचारावा असं कित्येक वर्षं वाटत होतं, आणि तो रत्नागिरीहून यावा याचा फार आनंद झाला. टेकडीच्या उतारावर पिवळ्याधमक फुलांची काटेरी झुडपं पाहिली असतील, तीच ती. आपल्या तागाच्या कुळातली. फूल जवळून पाहिलंत तर खुळखुळ्याच्या फुलाची ठेवण ओळखू येईल. ऊन चांगलं तापलं आणि वारा पडला की फुलांतून अगदी खवलेल्या नारळासारखा वास सुटतो. गार, वाऱ्याच्या दिवशी येत नाही, म्हणून पुष्कळांना तो कधी भेटतच नाही. एप्रिल-मे हा ऐन बहर.

पुढच्या खेपेला ब्लॅकफर्डवर वेधशाळेच्या बाजूनं चढा आणि दुपारी बारा-एकला दक्षिणेच्या उतारावर थांबा. फूल तोडायचं तर दोन बोटांनी, वरून. काटे सुईसारखे असतात. चुरडून हुंगा.